‘जुमार लावता आला की झालं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आयलंड पीकसारख्या शिखराआधी आठ दिवस हिमनदीवर शिका, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन सोडावी अशी ती नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : वीस वर्षं सह्याद्रीत लिंगाणा, तैलबैला, वजीर असे कातळ चढणाऱ्याला शिखराआधी आठ दिवस हिमनदीवर ‘चालायला’ शिकायला सांगणं म्हणजे पैसे आणि रजा वाया घालवणं. नेपाळमधल्या आयलंड पीकला दोर लावलेलेच असतात, शेर्पा सोबत असतो, जुमार (दोरावर वर सरकणारी, खाली न घसरणारी पकड) लावता आला की झालं. शिवाय २०२२ मध्ये उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर ज्यांचा जीव गेला ते तर प्रशिक्षणच घेत होते ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो मलाही टोचतो. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची अ‍ॅडव्हान्स कोर्सची तुकडी त्या शिखरावर हिमस्खलनात सापडली. २७ हून अधिक जण गेले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होती, त्याच मे महिन्यात १६ दिवसांच्या अंतराने एव्हरेस्ट आणि मकालू चढलेली. तिला काही येत नव्हतं असं कोण म्हणेल? अख्खा उतार सुटतो तेव्हा हातातलं कसब पुरत नाही, हे मी लेखात लिहायलाच हवं होतं. राहून गेलं, चूक माझी. पण मी लिहीत होतो ते घसरण्याबद्दल आणि हिमभेगेत पडण्याबद्दल. तिथे मात्र सराव जीव वाचवतो.

मीही तुमच्यासारखाच कातळावरून तिकडे गेलो. गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला उत्तरकाशीजवळच्या भुक्की गावातून चढून डोक्रियानी बामक हिमनदीवर पोचलो. पहिल्याच दिवशी पाच जण एका दोरात बांधलेले असताना मी दोराची दोन वेटोळी हातात धरून चालत होतो. सह्याद्रीत पुढचा चढणारा ‘स्लॅक दे’, म्हणजे दोर ढिला सोड, म्हणून ओरडत असतो, तीच सवय. प्रशिक्षकांनी काही न बोलता माझ्या पुढच्या मुलाला स्वतःला उतारावरून खाली झोकून द्यायला सांगितलं. वेटोळी सुटली, ढिला दोर संपेपर्यंत त्याने वेग घेतला आणि मग मी तोंडावर आपटून चार-पाच मीटर फरफटलो. हिमनदीवर दोर जितका ढिला, तितकी पडणाऱ्याची उडी लांब आणि झटका मोठा. हे मी आधी वाचलं होतं, तरी हात ऐकत नव्हते.

पायांचंही तेच. सुट्या मातीदगडांच्या घसाऱ्यावर पाय सुटला की आपण टाचा रोवतो. क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लोखंडी दाते) घालून वेगाने घसरताना टाचा रोवल्या तर दात बर्फात अडकतात, घोटा मोडतो किंवा माणूस उलटा फेकला जातो. पाय वर उचलायचे, आइस अ‍ॅक्सचं, म्हणजे बर्फाच्या कुऱ्हाडीचं, पातं खांद्याशी घ्यायचं, चोचीसारखं टोक बर्फात घालायचं आणि छातीचा सगळा भार त्यावर टाकायचा. हा सराव क्रॅम्पॉन काढूनच करतात : पोटावर, पाठीवर, डोकं खाली करून. माझे पाय विचार न करता वर जायला तीन दिवस लागले. ज्याची कातळावरची सवय वीस वर्षांची, त्याला जास्तच लागतील. तुमचा अनुभव कमी आहे म्हणून मी आठ दिवस म्हणालो नव्हतो, तो मुरलेला आहे म्हणून म्हणालो होतो.

एक गोष्ट तुमची पूर्ण पटली. बेस कॅम्पवर एका दुपारी टेकाडावर दोर बांधून जुमार वरखाली करायला लावतात, त्याला प्रशिक्षण म्हणत पैसे घेऊ नयेत. ती फक्त साधनांची ओळख.

आता शेर्पाबद्दल. आयलंड पीकच्या शेवटच्या भिंतीवर दोर लावलेला असतो हे खरं. पण भिंतीआधी हिमनदी लागते, ती एकमेकांना बांधूनच ओलांडायची. तिथे ताज्या बर्फाने झाकलेल्या भेगेवर पहिलं पाऊल पडतं ते पुढे चालणाऱ्या शेर्पाचं. तो आत गेला तर त्याला पेलून धरायचं कोणी? पडलेल्याचं वजन अंगावर असताना अ‍ॅक्स बर्फात आडवी पुरून अँकर, म्हणजे दोर बांधायचा पक्का आधार, करायचा, भेगेच्या काठाखाली सॅक सरकवायची म्हणजे दोर बर्फात रुतत नाही, मग झेड पुली (कमी जोरात वजन उचलायची दोर-कप्प्यांची मांडणी) लावून ओढायचं. साठ किलोच्या मित्राला वर घ्यायला आम्हा चौघांना पहिल्या खेपेला चाळीस मिनिटं लागली होती, तीही उजेडात, प्रशिक्षक शेजारी उभे असताना. शिखराच्या दिवशी हे पहाटेच्या अंधारात, जाड हातमोजे घालून करावं लागेल. आणि दोरावर उरलेले तुम्हीच असाल.