नळकांडेवाले काका

सांगलीत मोठी लेन्स घेऊन रस्त्याकडेला उभं राहिलं की 'कुठला पक्षी?' असं कुणीही विचारत नाही. पहिला प्रश्न 'कितीला बसलं?' दुसरा 'ह्यातनं चंद्र दिसतो का?' आणि तिसरा, जरा जवळ सरकून, आवाज उतरवून, 'मोजणी हाय का?' हरिपूरच्या बाजूला उसाच्या बांधावर ट्रायपॉड लावून मी वेड्या राघूची वाट बघत होतो, तर बघता बघता आजूबाजूच्या रानातली माणसं गोळा झाली. नव्या महामार्गात कुणाचे किती गुंठे जाणार हे मला ठाऊक आहे, पण मी सांगत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. मी तारेवरचा राघू दाखवला. एका आजोबांनी डोळा लावून नीट पाहिला आणि शेजारच्याला म्हणाले, "पाखराचं निमित्त बरं काढलंय."

लेन्स १५० ते ६०० मिलिमीटरची आहे (हा आकडा जेवढा मोठा, तेवढं लांबचं जवळ दिसतं), वजन दोन किलोच्या आसपास. गल्लीतली पोरं मला 'नळकांडेवाले काका' म्हणतात. त्याचं काही नाही. खरा जाच निराळाच आहे. ही लेन्स घरात आल्यापासून मी गावाचा बिनपगारी कॅमेरा-सल्लागार झालोय. लग्नाच्या पंगतीत, सलूनमध्ये गालाला साबण लावलेला असताना, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना मला एकच विचारलं जातं: कुठला कॅमेरा घेऊ? मी म्हणतो, बजेट किती? तर उत्तर येतं, "बजेटचं सोडा हो, चांगला सांगा." चांगला सांगितला की "एवढे?" म्हणून माणूस माझ्याकडे असा बघतो, जणू त्यातले निम्मे मला मिळणार आहेत.

या सगळ्यांचे मेरुमणी म्हणजे आमच्या शेजारचे अण्णा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यामुळे एस्टिमेट, तुलनात्मक तक्ता आणि शेरा याशिवाय त्यांना चहासुद्धा जात नाही. कॅमेऱ्यासाठी त्यांनी दोनशे पानी वही घातली. पहिल्याच बैठकीत त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"हा १०८ मेगापिक्सेलचा. तुमचा?"

"२४."

अण्णांनी माझ्याकडे पेन्शन अडकलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. मी सांगितलं, अहो, फोनचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, नखाएवढा असतो. १०८ वाले बरेच फोन तर नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून एरवी १२ मेगापिक्सेलचाच फोटो हातात ठेवतात. आणि १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी जो पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो ०.०१ मेगापिक्सेलचा होता. एक फोटो कॅसेटवर उतरायला त्याला २३ सेकंद लागायचे. अण्णांनी हे सगळं वहीत उतरवलं आणि विचारलं, "तो आता कितीला मिळेल?"

पुढची बैठक क्रॉप सेन्सरवर, म्हणजे काही कॅमेऱ्यांतल्या लहान सेन्सरवर. ३०० ची लेन्स लहान सेन्सरवर लावली की निकॉन-सोनीवर ४५० सारखी दिसते, कॅननवर ४८० सारखी. "म्हणजे वरचे दीडशे फुकट?" फुकट नाही हो, चित्राच्या कडा कापल्या जातात. कपात म्हटल्यावर मात्र त्यांना झटकन कळलं. जन्म सरकारी नोकरीत गेलेला.

मी जे सगळ्यांना सांगतो आणि कुणीच ऐकत नाही, ते असं. पैसे बॉडीत, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यात, घालू नका, लेन्समध्ये घाला. बॉडी दर दोन-तीन वर्षांनी जुनी होते, चांगली लेन्स दहा-पंधरा वर्षं सोबत करते. सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, फक्त मोबाइलचा टॉर्च लावून लेन्सच्या आत एकदा बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. विकणारा 'धूळ आहे, पुसली की जाते' असं म्हणेल, त्याला नमस्कार करून निघा. आणि ६०० ची लेन्स घेण्याआधी साखरेचे दोन पुडे पिशवीत घालून ती पिशवी दहा मिनिटं डोळ्यांसमोर धरून उभे राहा. सांगली जिल्ह्यात साखरेला तोटा नाही. ही परीक्षा अण्णांनी दिली. तिसऱ्या मिनिटाला पिशवी खाली ठेवली आणि वहीत शेरा मारला: 'वजनाबाबत फेरविचार.'

मग आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती हळवा ठेवायचा तो आकडा. हा आकडा १०० च्या वर गेला की लोक शुगर वाढल्यासारखे घाबरतात. पहाटेच्या अंधारात, झाडाच्या सावलीत, १०० वरच अडून बसतात, शटर जातो सेकंदाच्या साठाव्या भागावर आणि खंड्याच्या जागी निळा डाग येतो. ६०० ची लेन्स हातात असेल तर शटर निदान १/६०० हवा, उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास. त्यासाठी आयएसओ १६०० करावा लागला तर करा. फोटोत थोडे दाणे येतील. दाणेदार खंड्या हा डागापेक्षा केव्हाही बरा.

सर्वांत जास्त तक्रारी येतात त्या 'लेन्स सॉफ्ट आहे', म्हणजे फोटो धूसर येतो, या. एका गृहस्थांनी कृष्णेच्या वाळवंटात, एप्रिलमध्ये, दुपारी एक वाजता पलीकडच्या काठावरची टिटवी टिपली आणि ती पाण्यात विरघळल्यासारखी दिसते म्हणून लेन्स परत करायला निघाले. तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत वर जाते, तिच्यातून कुठलीही लेन्स लावा, टिटवी थरथरणारच. मी म्हटलं, सकाळी नऊच्या आत जा, जमेल तेवढं जवळ जा. ते म्हणाले, "सकाळी जमत नाही, फिल्टर सुचवा." पहाटे उठायचा फिल्टर अजून बाजारात आलेला नाही.

सराव कुठं करायचा? देवराष्ट्रेजवळचं सागरेश्वर आहे ना. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर उभं राहिलेलं, १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं, जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं रान. सांबर, चितळ, काळवीट. यावर हमखास प्रश्न, "वाघ?" नाही. "मग बघायचं काय?" या लोकांना मी घरासमोरच्या विजेच्या तारेवरचा वेडा राघूच सुचवतो. तो माशी पकडायला झेपावतो आणि बहुतेक वेळा पुन्हा त्याच जागी येऊन बसतो, माशी तारेवर आपटतो, मग गिळतो. त्याच्या मागं कॅमेरा फिरवत बसू नये. रिकाम्या तारेवर फोकस लावून ठेवावा आणि गप्प राहावं. यातला शेवटचा भाग आमच्याकडे अवघड जातो.

बिबट्याची चौकशी उसाच्या तोडीबरोबर सुरू होते. "बिबट्याचा फोटो कसा काढायचा?" लांबून. "किती लांबून?" आपण सांगलीत, बिबट्या शिराळ्यात. मगरीचंही तसंच. थंडीत सकाळी भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात काठावर ऊन खात पडलेली असते, आणि तिच्यासाठी कुठली लेन्स, असं विचारलं की मी सांगतो, पलीकडच्या काठावर उभं राहून पुरेल अशी. घरट्याचे फोटो मात्र मी कुणाला शिकवत नाही. फोटोत नीट दिसावं म्हणून घरट्याभोवतीच्या फांद्या मोडणारे महाभाग आहेत. मग कावळ्यालाही ते नीट दिसतं. अशांशी मी बोलणं टाकतो, ते भिशीत असले तरी.

बारीकसारीक वस्तूंचे सल्ले त्यामानाने खपतात. गाडीच्या खिडकीवर लेन्स टेकवायला बीन बॅग लागते. महागडी घेऊ नका, जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही टोकं शिवा आणि आत मूग भरा. आमच्या आईनं मला अशीच शिवून दिली, वर मुगाला कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घातला. आता कुठल्याही जंगलात माझ्या लेन्सला औषधी वास येतो. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या बॅगेत घालून कपाटात कोंडू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा. मी घरातला पापडांचा डबा घेतला. त्या वर्षी पापड सादळले आणि लेन्स कोरडी राहिली. यावर घरात दोन मतं आहेत.

अण्णांनी अखेर कॅमेरा घेतला. वहीतल्या एकाही ओळीशी त्याचा संबंध नव्हता. जावयानं सुचवला: निकॉनचा पी-१०००, १२५ पट झूमवाला, २४ ते ३००० मिलिमीटर, वजन दीड किलोच्या आत. मी म्हटलं, अहो, सेन्सर जवळजवळ फोनएवढाच आहे, उजेड उतरला की दाणे येतील, ३००० वर हात जरा हलला की पक्षी चौकटीबाहेर. अण्णा म्हणाले, "चंद्र दिसतो."

नंतर त्यांच्या नातवाचं बारसं आलं. "तुमची मोठी लेन्स घेऊन या, फोटो झकास येतील." दुसरी लेन्स आणतो म्हटलं तर त्यांना ते कमीपणाचं वाटलं. माझ्या या लेन्सला फोकस करायला विषयापासून २८० सेंटिमीटर लांब जावं लागतं. हॉलमध्ये पाळणा, पाळण्याभोवती बायका, बायकांमागं सोफा. मी मागं सरकत सरकत जिन्यात पोचलो. तिथून बाळाची डावी नाकपुडी अप्रतिम आली. आत्या कुर्रर्र करत होती तेव्हा तिची नथ आली, मोतीसुद्धा मोजता येत होते. "अख्खा पाळणा येत नाही का हो?" असं आत्यानं विचारलं, तेव्हा पाळणा अंगणात हलवता येईल का, असं मी विचारून पाहिलं.

अण्णा शांतपणे पुढं झाले. कॅमेरा २४ वर आणला आणि पाळणा, बाळ, आत्या, सोफा, घुगऱ्यांची परात आणि जिन्यात अडकलेला मी, असं सगळं एका चौकटीत घेतलं. मग जिन्यात आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"एक सांगू का? राग मानू नका. ही लेन्स विका तुम्ही. गिऱ्हाईक आहे माझ्याकडं. फक्त किंमत जरा माणसात सांगा."