रूट कॅनॉल आणि कॅप्टन वेंटवर्थ

माझं रूट कॅनॉल होतं, हे खरं. दातांच्या दवाखान्यात मी रडलो, हेही खरं. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता, हे तिथे एकालाही पटलं नाही. आज तिसरा दिवस, डोकं अजून तापलेलंच आहे.

नंबर लागायला वेळ होता म्हणून जेन ऑस्टिनची ‘पर्स्वेजन’ ही कादंबरी काढली. तेविसावं प्रकरण. प्रेम जास्त दिवस कोण जपतं, बाई की पुरुष, यावर नायिका ॲन कुणाशी तरी बोलतेय आणि पलीकडे टेबलाशी कॅप्टन वेंटवर्थ लिहीत बसलाय. आठ वर्षांपूर्वी हिनेच ठरलेलं लग्न मोडलेलं. तिचं बोलणं ऐकता ऐकता त्याच्या हातून लेखणी पडते. (मला इथेच रडू फुटतं.) मग तो बाहेर पडतो, हातमोजे राहिले म्हणून परत येतो आणि तिच्यापुढे एक पत्र ठेवतो.

“पहिल्यांदाच का?” शेजारच्या आजोबांनी खांद्यावर हात ठेवला.

“छे, चौथ्यांदा.”

“चौथ्यांदा! एकाच दाताचं?”

“दात नाही हो, पुस्तक.”

त्यांनी पुस्तक घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. “कोण जातं शेवटी?”

“कोणी नाही. लग्न होतं. म्हणजे, लेखिका गेल्या. पुस्तक छापून यायच्या आधीच.”

“अरेरे! कधी?”

“1817 च्या जुलैत.”

आजोबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. तिथेच गप्प बसायला हवं होतं, पण मी समजावायला गेलो.

“म्हणजे ती त्याच खोलीत आहे?”

“हो.”

“आणि हा पत्र लिहितोय? बोलायचं की मग तोंडाने!”

समोरच्या बाईंनी सुजलेल्या गालावरचा हात न काढता मान डोलावली.

आता मला राहवेना. म्हटलं, ऑस्टिनबाईंनी आधी तसाच शेवट लिहिला होता, पत्रबित्र काही नाही, दोघं समोरासमोर बोलून मोकळे. 1816 च्या जुलैत लिहिला, आवडला नाही, आणि तीन आठवड्यांच्या आत बदलून हे पत्र आणलं.

“बघा!” आजोबा सगळ्या खोलीला म्हणाले, “त्यांनाही आधी तेच सुचलं होतं!”

वर्ल्ड कप हरल्यावर मोठमोठे बाप्ये टीव्हीसमोर हुंदके देतात, त्यांना लोक पाणी आणून देतात. प्रेमकथा वाचून रडणाऱ्या पुरुषाचा मात्र एक तर दात दुखत असला पाहिजे, नाही तर घरात कोणी गेलेलं असलं पाहिजे. खरोखर पुस्तकासाठीच रडतोय म्हटलं, तर समोरच्याला माझ्याऐवजी स्वतःचीच लाज वाटू लागते. खुर्च्या जराशा लांब सरकतात. परवा दोन सरकल्या, मी मोजल्या.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. डॉक्टरांनी माझे लाल डोळे पाहिले. “एवढं दुखत होतं तर आधी नाही का यायचं?”

खुलासा करायला तोंड उघडलं, तर त्यांनी त्यात कापूस भरला.