सही, फुली आणि अंगठा

आमचे अण्णा गावच्या शाळेत मास्तर होते. संध्याकाळी पडवीत बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. आटलेली विहीर, रेशनकार्डात चुकलेलं नाव, एखाद्या विधवेचं रखडलेलं पेन्शन. फुलस्केप कागद, मध्ये कार्बन, वर ‘माननीय साहेबांचे सेवेशी’. पैसा घ्यायचे नाहीत, पण सार्वजनिक कामाचा अर्ज असला की अट घालायचे: एकट्याच्या नावाने लिहिणार नाही. वाडीतली दहा माणसं घेऊन या. सही येत नसेल तर अंगठा चालेल. मला हे सगळं केविलवाणं वाटायचं. कॉलेजात गेल्यावर एकदा त्यांच्या तोंडावर म्हणालो होतो, अर्जविनंत्यांनी काही होत नसतं. ते काही बोलले नाहीत, कार्बन सरळ करत राहिले.

मुलीकडे बोस्टनला गेलो होतो तेव्हा अण्णा फार आठवले. तिथे नॉर्थ एंड भागात टेकडीवर कॉप्स हिल नावाचं जुनं दफनस्थान आहे. तिथे प्रिन्स हॉल यांची कबर आहे. प्रिन्स हे त्यांचं नाव, राजपुत्र नव्हेत. गुलाम होते. जन्म कुठला, आईबाप कोण, याचा एकही भरवशाचा कागद नाही. गुलामाच्या जन्माची नोंद कोण ठेवणार? विल्यम हॉल नावाच्या कातडी कमावणाऱ्या मालकाकडे ते धंदा शिकले आणि १७७० साली त्याने त्यांना मोकळं केल्याचं लिहून दिलं. पुढे ते स्वतः चामड्याचा व्यवसाय करू लागले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात बोस्टनच्या तोफखाना रेजिमेंटला त्यांनी पाच ढोलांची कातडी पुरवली, त्याचं १७७७ सालचं बिल आहे. चामड्यात हात घालणाऱ्या माणसाला समाज कुठे बसवतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. अशा माणसाने पुढची तीस वर्षं काळ्या लोकांसाठी कायदेमंडळाचं दार ठोठावलं. त्यासाठी जी संघटना उभी केली, ती होती फ्रीमेसनरीची.

फ्रीमेसन म्हटलं की आपल्याकडे बंद हॉल, गुप्त विधी, भूतबंगल्याच्या गोष्टी. मूळ कल्पना साधी आहे. गवंड्यांच्या जुन्या संघांचा वारसा सांगणारी ही बंधुसभा. गुण्या, कंपास, ओळंबा ही तिची चिन्हं, आणि आत आलेला प्रत्येकजण भाऊ. शाखेला लॉज म्हणतात. पण या भाऊपणात बोस्टनच्या गोऱ्या लॉजना काळा माणूस बसत नव्हता. १७७५ च्या सुमारास, शहरात तळ ठोकलेल्या ब्रिटिश फौजेतल्या, आयर्लंडच्या सनदेवर चालणाऱ्या एका लॉजने हॉल आणि आणखी चौदा मोकळ्या काळ्या माणसांना दीक्षा दिली. फौज निघून गेली. मागे राहिलेल्या पंधरा जणांना परवानगी होती ती एवढीच: एकत्र जमावं, सेंट जॉनच्या सणाला मिरवणूक काढावी, आपल्या मृतांना रीतीप्रमाणे मूठमाती द्यावी. नवा सभासद करता येत नव्हता.

मला यातली मूठमातीची परवानगी फार मोठी वाटते. आयुष्यभर ज्याचं शरीरसुद्धा दुसऱ्याच्या मालकीचं होतं, त्याच्या मागे चालायला चार माणसं असतील ही हमी. आपल्याकडे गावोगावच्या अंत्ययात्रा मंडळांत राबलेल्या लोकांना हे लगेच कळेल.

१७८२ च्या डिसेंबरात या मंडळींनी सण साजरा केला तेव्हा एका वृत्तपत्राने ‘सेंट ब्लॅक्स लॉज’ म्हणून टिंगल केली. हॉल यांनी संपादकांना पत्र लिहिलं. आमच्या सभेचं ते नाव नाही, नाव आफ्रिकन लॉज आहे, मोठमोठ्या उपाध्यांची आम्हाला हाव नाही, देवावर आणि सगळ्या माणसांवर प्रेम करण्याची वृत्ती आमच्यात रुजावी एवढंच मागणं आहे, असा त्याचा आशय. शब्दाला शब्द नाही, शिवी नाही. चुकलेलं नाव दुरुस्त करून दिलं.

मग सनद, म्हणजे पूर्ण लॉज म्हणून चालण्याचा परवाना. बोस्टनमध्ये कुणी देईना, म्हणून १७८४ साली त्यांनी थेट लंडनला लिहिलं. २९ सप्टेंबर १७८४ ला सनद मंजूर झाली, क्रमांक ४५९. ती हातात पडली २९ एप्रिल १७८७ ला. दोन वर्षं सात महिने! मधल्या काळात पत्रं, निरोप, फी पोचवायला भरवशाचा माणूस शोधणं. ज्यांनी संस्थेची नोंदणी करून घेतली आहे, हिशेब सांभाळले आहेत, त्यांना या वाट पाहण्यातला जीवघेणेपणा ठाऊक असतो. आपण भाषणं करणाऱ्यांचे पुतळे उभारतो. वर्गणीची वही सांभाळणारा, इतिवृत्त लिहिणारा माणूस फोटोतही मागच्या रांगेत असतो. प्रिन्स हॉल ग्रँड मास्टर, म्हणजे संघटनेचे प्रमुख, म्हणून ओळखले जातात, पण त्यांचं खरं काम या वहीचं होतं असं मला वाटतं.

कारण ही वही अर्जाच्या मागे उभी राहिली. १३ जानेवारी १७७७ ला, अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केल्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, बोस्टन ज्या राज्यात येतं त्या मॅसॅच्युसेट्सच्या कायदेमंडळाकडे गुलामी बंद करण्याचा अर्ज गेला. खाली आठ नावं, त्यात हॉल. जे हक्क तुम्ही इंग्लंडकडे मागता तेच आम्ही तुमच्याकडे मागतो, असा सूर. काही नावांपुढे सही नाही, फुली आहे. लिहिता न येणाऱ्याची फुली. तो मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा मी थांबलो. आमच्या पडवीतला निळा स्टॅम्पपॅड डोळ्यांसमोर आला.

अर्ज बाजूला ठेवला गेला. त्या राज्यातली गुलामी संपली ती पुढे १७८० च्या दशकात, न्यायालयांच्या निकालांनी. १७८७ साली हॉल यांनी शाळेसाठी अर्ज केला: आम्ही कर भरतो, मग शहरातल्या मोफत शाळांचा फायदा आमच्या मुलांना का नाही? फेटाळला. शेवटी १७९८ साली प्रायमस हॉल या बोस्टनच्याच एका मोकळ्या काळ्या गृहस्थांच्या घरात काळ्या मुलांची शाळा भरू लागली. वेगळ्या शाळांची पद्धत त्या राज्याने कायद्याने बंद केली १८५५ साली, प्रिन्स हॉल जाऊन जवळपास अर्धं शतक झाल्यावर.

एक अर्ज मात्र लागू पडला. १७८८ च्या फेब्रुवारीत बोस्टन बंदरातल्या एका जहाजावर काम आहे असं सांगून तीन मोकळ्या काळ्या माणसांना नेलं आणि वेस्ट इंडिजमध्ये विकायला पळवलं. हॉल यांनी त्याच महिन्यात लॉजमधल्या माणसांच्या सह्यांसह कायदेमंडळाकडे अर्ज दिला: आज हे तिघे, उद्या आमच्यातला कुणीही. पाद्री आणि क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनीही स्वतंत्र अर्ज केले. २६ मार्च १७८८ ला राज्याने गुलामांचा व्यापार आणि असं पळवून नेणं बेकायदा ठरवलं. तिघांना नेलं त्या बेटावर काय घडलं ते जेरेमी बेल्कनॅप या बोस्टनच्या पाद्र्याने लिहून ठेवलं आहे. तिघांतला एक फ्रीमेसन होता. ज्या व्यापाऱ्याला तो विकायला दाखवला तोही निघाला फ्रीमेसन. ओळख पटली, हकिगत कळली, प्रकरण गव्हर्नरकडे गेलं. त्या जुलैमध्ये तिघेही बोस्टनला परत आले. ज्या ओळखीला गोरे मेसन घरात मान देत नव्हते, तिने परमुलखात एका माणसाला विकला जाण्यापासून वाचवलं.

मवाळ लोक भिकाऱ्यासारखे अर्ज करतात, ही टीका आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी जोरात होती आणि अजून जिभेवर आहे. मीही ती केली आहे. हॉल यांची भाषा नम्र होती हे खरं. पण १७९७ सालचं त्यांचं लॉजपुढचं भाषण वाचा. बोस्टनच्या रस्त्यांत सणासुदीला काळ्यांचा, म्हाताऱ्या बायांचासुद्धा जो छळ होई, तो त्यांनी त्यात उघड बोलून दाखवला आहे. धीर धरा म्हणाले, आणि लगेच हैतीतल्या गुलामांनी काय करून दाखवलं त्याची आठवण दिली. ही भिक्षा नव्हे.

या बंदिस्त बंधुभावाची झळ मुंबईलाही लागली होती. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना इथल्या इंग्रजांच्या लॉजने नाकारलं, ते पॅरिसला जाऊन मेसन झाले. शेवटी १८४३ साली जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरने हिंदी लोकांसाठी मुंबईत ‘रायझिंग स्टार’ लॉज काढली. माणेकजींनी पुढे मुलींची शाळा काढली, हे मला योगायोग वाटत नाही.

हॉल गेले डिसेंबर १८०७ मध्ये. १८१३ ला इंग्लंडमधल्या दोन ग्रँड लॉज, म्हणजे लॉजना सनद देणाऱ्या मुख्य संस्था, एक झाल्या तेव्हा आफ्रिकन लॉजचं नाव यादीतून गळलं. संघटना थांबली नाही, पुढे तिने त्यांचंच नाव घेतलं. इंग्लंडने तिला पुन्हा मान्यता दिली १९९४ साली.

परत आल्यावर मी अण्णांची ट्रंक उघडली. कार्बन कॉप्या आहेत, जांभळट, काही वाचता येत नाहीत. वाडीच्या पाण्याच्या टाकीचे एकूण सहा अर्ज सापडले, अकरा वर्षांच्या अंतरात. पहिल्यावर चार सह्या आणि नऊ अंगठे. सहाव्यावर सत्तावीस सह्या, अंगठा एकही नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना मी नावाने ओळखतो. ती मुलं अण्णांच्याच वर्गात होती.