देहदानाच्या टेबलापाशी १०८ वाल्यांनाही उभं करा

अमेरिकेत शहरं आपल्या पॅरामेडिक्ससाठी करार करून त्यांना दान केलेल्या देहांवर, स्वतःच्या हातांनी शरीररचना शिकायला पाठवतात. आपल्या बडोद्याने हे करायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बरगड्या पुस्तकातून पाठ केल्या होत्या, पण कळल्या त्या डिसेक्शन हॉलमध्ये बोट फिरवल्यावर. एकच गोष्ट सांगते. अपघातात फुप्फुसाभोवती हवा कोंडली की छातीत सुई घालून ती सोडावी लागते, नाहीतर माणूस मिनिटांत जातो. सुई बरगडीच्या वरच्या कडेला धरून घालायची, कारण खालच्या कडेच्या खाचेत व्हेन, आर्टरी आणि नर्व्ह एकीखाली एक दडलेल्या असतात. पूर्वी ही जागा कॉलरबोनखाली, बरगड्यांमधल्या दुसऱ्या फटीत शिकवत. एटीएलएस या, अपघातग्रस्तांवरच्या उपचारांच्या डॉक्टरांसाठीच्या अभ्यासक्रमाच्या २०१८ च्या आवृत्तीने मोठ्यांसाठी ती काखेच्या बाजूला, चौथ्या-पाचव्या फटीत नेली. समोरून छातीची भिंत अनेकांची इतकी जाड असते की सुई आत पोचतच नाही, आणि हे कळायलाही देहांवरचाच अभ्यास कामी आला. प्लास्टिकच्या पुतळ्याला ही जाडी कुठून असणार? हायवेवर पडलेली कधी किडकिडीत आजी असते, कधी शंभर किलोचा ट्रक ड्रायव्हर.

कुणी काय करायचं ते प्रोटोकॉल ठरवेल. पण गुजरातमध्ये २००७ पासून धावणाऱ्या १०८ मध्ये पायलट गाडी चालवतो आणि मागे ईएमटी, म्हणजे तातडीचे उपचार करणारा तंत्रज्ञ, एकटा असतो. डॉक्टर फोनवर सांगतात, हात त्याचेच.

१०८ राज्याची आहे म्हणून महापालिकेने अंग काढून घेऊ नये. अपघात तिच्याच रस्त्यांवर होतात, आणि माणसाला बाहेर काढणारे अग्निशमन दलाचे जवान तर तिचेच आहेत. त्यांनाही या वर्गात बसवा. १९४९ पासूनचं मेडिकल कॉलेज आपल्याकडे आहे, त्याला लागून सयाजी हॉस्पिटल. दूर कुठे जायचं नाही.

फक्त हे काम डांबराच्या टेंडरसारखं सर्वांत कमी बोलीवाल्याच्या गळ्यात घालू नका. एका टेबलाशी चार-पाच जण, त्याहून जास्त नकोत. ॲनाटॉमीच्या शिक्षकांबरोबर इमर्जन्सीचा डॉक्टर उभा हवा. शिकण्याचा दिवस ड्युटीत धरा, रात्रपाळी करून आलेल्या मुलाला रजेच्या दिवशी बोलावू नका. आणि दरवर्षी घ्या, कारण हात विसरतात. फॉर्मॅलिनमधला देह कडक होतो, श्वासनलिकेत ट्यूब घालायचा सराव त्यावर नीट होत नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या वॉल्टर थील यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या पद्धतीने देह मऊ राहतो. कॉलेजला त्यासाठी पैसे द्या.

देहदानाच्या फॉर्मवर स्पष्ट लिहा की रुग्णवाहिकेतली मुलंही या देहावर शिकतील. घरच्यांना आधी सांगितलं तर कुणी नाही म्हणेल असं मला वाटत नाही. माझ्या बाबांनी फॉर्म भरलाय. मी विचारलं तर म्हणाले, "त्यांना तर आधी शिकवा."

महापालिकेचं बजेट स्थायी समितीपुढे जाण्याआधी मी आमच्या नगरसेवकांना पत्र देणार आहे. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी कळवा. कुणाच्या घरात ईएमटी असेल तर त्याला काय शिकायचंय तेही विचारून सांगा, पत्रात घालते.