सोरॉरिटी ही मुलांच्या क्लबांची सावली नव्हे

अमेरिकेतील कॉलेजांमधल्या सोरॉरिटींविषयी, म्हणजे विद्यार्थिनींच्या ग्रीक अक्षरी नावांच्या संघटनांविषयी, एक दावा समाजमाध्यमांवर आणि गप्पांमध्ये वर्षानुवर्षे फिरत आहे. त्याचा आशय असा: श्रीमंत गोऱ्या मुलींनी फ्रॅटर्निटींची, म्हणजे मुलांच्या तशाच संघटनांची, नक्कल करून मौजमजेसाठी हे क्लब काढले, ते १८५१ पासून अखंड चालू आहेत, आणि अनेक कॅम्पसांवर त्यांना स्वतःचे घर नसते, कारण ठरावीक संख्येहून अधिक अविवाहित स्त्रिया एका छपराखाली राहिल्यास जुन्या कायद्यानुसार ते घर वेश्यागृह ठरते. हा दावा सांगणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे मी म्हणत नाही, परंतु त्यातले प्रत्येक विधान तपासून पाहिले पाहिजे, कारण त्यात चुकीच्या गोष्टींबरोबर एक कटू सत्यही मिसळलेले आहे.

आधी घरांच्या कायद्याविषयी. ही निव्वळ दंतकथा आहे. अनेकांनी शोध घेऊनही असा कायदा अमेरिकेतील कोणत्याही राज्यात सापडलेला नाही. तो असता तर १८६५ मध्ये सुरू झालेल्या व्हॅसार कॉलेजात शेकडो विद्यार्थिनी एकाच इमारतीत राहू शकल्या नसत्या, आणि १८८६ मध्ये सिराक्यूज येथे अल्फा फाय या संघटनेला स्वतःचे घर बांधता आले नसते. एखाद्या कॅम्पसावर अशी घरे नसतात, तेव्हा त्याची कारणे जागेची टंचाई, बांधकामाचा खर्च आणि विद्यापीठाचे वसतिगृहविषयक धोरण यांत शोधावी लागतात.

नकलेच्या आरोपाकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. संघटनेची बांधणी, गुप्त दीक्षाविधी, बिल्ला आणि ग्रीक अक्षरे हे सारे मुलांच्या संघटनांकडून घेतले होते, हे मान्यच आहे. प्रश्न असा की मुलींना वेगळी संघटना काढावी का लागली? इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल येथील इंडियाना ॲस्बरी विद्यापीठाने, म्हणजे आजच्या डीपॉ विद्यापीठाने, १८६७ मध्ये पहिल्यांदा विद्यार्थिनींना प्रवेश दिला. त्या पहिल्या मुलींपैकी बेटी लॉक हिला फाय गॅमा डेल्टा या फ्रॅटर्निटीने आपला बिल्ला मिरवण्याची विनंती केली. सभासद म्हणून रीतसर दीक्षा देणार असाल तरच बिल्ला लावीन, असे तिने सांगितले. ती अट मुलांनी मानली नाही. तेव्हा बेटी लॉक, ॲलिस ॲलन, बेटी टिप्टन आणि हॅना फिच या चौघींनी २७ जानेवारी १८७० रोजी कप्पा अल्फा थीटा स्थापन केली. शोभेपुरती जागा नाकारून बरोबरीची जागा स्वतः निर्माण करणे या कृतीला नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

नावाचा इतिहासही हेच सांगतो. सुरुवातीच्या या संघटना स्वतःला ‘स्त्रियांची फ्रॅटर्निटी’ म्हणवत असत. भगिनी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘सोरॉरिटी’ हा शब्द १८८२ मध्ये सिराक्यूज विद्यापीठातील लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी गॅमा फाय बीटासाठी सुचवला. शिवाय सर्व संघटनांना एका व्यासपीठावर आणण्याचे काम स्त्रियांनी पुरुषांच्या आधी केले. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स १९०२ मध्ये उभी राहिली, तर फ्रॅटर्निटींची तशी परिषद १९०९ मध्ये.

‘१८५१ पासून अखंड’ या विधानात संस्था आणि शाखा यांची गल्लत झालेली आहे. १८५१ हे वर्ष जॉर्जियातील मेकन येथील वेस्लियन फीमेल कॉलेजात निघालेल्या अडेल्फियन सोसायटीचे आहे. ती एकाच कॉलेजापुरती मर्यादित असलेली संस्था होती. ग्रीक अक्षरी नाव आणि इतर कॅम्पसांवरील शाखा तिला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मिळाल्या. पुढे ती अल्फा डेल्टा पाय झाली, आणि त्याच सुमारास, म्हणजे १९१४ मध्ये, तिच्या जन्मस्थानी, मेकनच्या कॉलेजात, सोरॉरिटींवर बंदी घालण्याचा निर्णय झाला. इलिनॉयमधील मॉनमथ कॉलेजाची कथा याहून बोलकी आहे. तेथे १८६७ मध्ये बारा विद्यार्थिनींनी स्थापन केलेली आय. सी. सोरोसिस, म्हणजे आजची पाय बीटा फाय, आणि १८७० मध्ये निघालेली कप्पा कप्पा गॅमा या दोन्ही संघटनांच्या मूळ शाखा कॉलेजाच्या बंदीमुळे काही काळ लपूनछपून चालल्या आणि १८८४ पर्यंत मिटल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या त्या थेट १९२८ आणि १९३४ मध्ये. मधल्या काळात संघटना जगल्या त्या इतर गावांतील शाखांच्या बळावर. म्हणून एखाद्या कॅम्पसावरील शाखेचा माग काढणाऱ्याने संघटनेचे स्थापनावर्ष पाहून थांबू नये. त्या शाखेला सनद कधी मिळाली, ती कधी बंद पडली आणि पुन्हा कधी उघडली, हे स्वतंत्रपणे पाहावे.

मौजमजेच्या आरोपाला एक उदाहरण पुरेसे आहे. पाय बीटा फायने १९१२ मध्ये टेनेसीच्या डोंगराळ भागातील गॅटलिनबर्ग येथे शाळा काढली. तेथील हस्तकलेच्या शिक्षणातूनच पुढे ॲरोमाँट ही कलाशाळा उभी राहिली.

राहिला ‘गोऱ्या मुलींचे क्लब’ हा मुद्दा, आणि येथे दाव्यातील कटू सत्य मी आडपडदा न ठेवता मान्य करतो. अनेक जुन्या संघटनांनी लेखी नियमांनी किंवा अलिखित रिवाजाने कृष्णवर्णीय, ज्यू आणि अन्य विद्यार्थिनींना दशकानुदशके बाहेर ठेवले. अलाबामा विद्यापीठातील पारंपरिक सोरॉरिटींमध्ये कृष्णवर्णीय मुलींना वंशामुळे डावलले जात असल्याचे तेथील विद्यार्थी वृत्तपत्राने उघड केले ते २०१३ मध्ये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. परंतु यावरून सोरॉरिटीचा सगळा इतिहास गोऱ्या मुलींचाच आहे असे म्हणणे म्हणजे ज्यांना तेव्हा वगळले गेले त्यांना आता इतिहासातूनही वगळणे होय. मुख्यतः कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ असलेल्या वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या सोरॉरिटी निघाल्या: १९०८ मध्ये अल्फा कप्पा अल्फा, १९१३ मध्ये डेल्टा सिग्मा थीटा आणि १९२० मध्ये झीटा फाय बीटा. १९२२ मध्ये, कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेचा इंडियानात मोठा जोर असताना, इंडियानापोलिस येथे सात कृष्णवर्णीय शिक्षिकांनी सिग्मा गॅमा ऱ्हो काढली. डेल्टा सिग्मा थीटाच्या सभासद स्थापनेनंतर अवघ्या सात आठवड्यांनी, ३ मार्च १९१३ रोजी, वॉशिंग्टनमधील स्त्रीमताधिकाराच्या मोर्चात चालल्या. अल्फा कप्पा अल्फाने १९३५ पासून मिसिसिपीमध्ये अनेक उन्हाळे आरोग्यमोहीम चालवली. मळेवाल्यांनी कृष्णवर्णीय मजुरांना दवाखान्यापर्यंत जाऊ दिले नाही, तेव्हा मोहिमेच्या वैद्यकीय प्रमुख डॉ. डोरोथी फेरेबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींतून दवाखानाच मळ्यांवर नेला.

ज्यू विद्यार्थिनींनी १९०९ मध्ये बर्नार्ड कॉलेजात अल्फा एप्सिलॉन फाय काढली, तर कॅथलिक विद्यार्थिनींनी १९१२ मध्ये मिशिगन विद्यापीठात थीटा फाय अल्फा. दक्षिण आशियाई मुलींच्या सोरॉरिटी फार उशिरा आल्या. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन कॅम्पसावर कप्पा फाय गॅमा आणि ह्यूस्टन विद्यापीठात डेल्टा फाय ओमेगा, या दोन्ही १९९८ मध्ये सुरू झाल्या, आणि स्थलांतरित भारतीय कुटुंबांतील मुलींसाठी तेव्हापासून सोरॉरिटी ही दुसऱ्या कोणाची गोष्ट राहिलेली नाही.