बरोक कलशाचे रंग कुंचल्याचे नव्हेत, छापलेले

अभिजात घाटाच्या नक्षीदार कलशाचं एखादं सतराव्या शतकातलं, म्हणजे युरोपातल्या बरोक शैलीच्या काळातलं, रंगीत ताम्रमुद्राचित्र (तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र) दिसलं, की हमखास सांगितलं जातं: 'मूळ चित्र काळ्या शाईतलंच, रंग नंतर कुणीतरी कुंचल्याने भरले.' यासाठी जी कारणं दिली जातात ती टिकत नाहीत.

म्हणे, तेव्हा रंगीत छपाईचं तंत्रच नव्हतं. होतं की! नेदरलँड्समधल्या योहान्नेस टेलरला 1688 मध्ये रंगीत छपाईसाठीच विशेषाधिकार मिळाला होता. लाकडी ठशांनी दोन-तीन छटांत छापणं तर जर्मनी-इटलीत सोळाव्या शतकाच्या आरंभीच सुरू झालं होतं.

दुसरं कारण म्हणजे दर रंगाला वेगळा पत्रा लागतो आणि ते सगळे अचूक जुळवणं त्या काळी अशक्य. रविवर्मा प्रेसची चित्रं आपल्या ओळखीची, तिथे रंगागणिक वेगळा दगड लागे, म्हणून हे चटकन पटतं. टेलरच्या पद्धतीत मात्र तांब्याचा पत्रा एकच. कोरलेल्या रेषांत चिंधीच्या लहान बोळ्यांनी शाई भरायची. कलशाच्या पोटाला एक, कानांना दुसरी, वेलबुट्टीला हिरवी. वरवरची शाई पुसायची, ओलसर कागद ठेवायचा आणि एकदाच दाबयंत्रातून काढायचा. जुळवायला दुसरा पत्राच नाही.

हे पटत नसेल तर भिंग घ्या. हाताने रंगवलेल्या चित्रात रेषा काळी असते आणि रंग तिच्यावरून, आजूबाजूच्या कागदावर पसरलेला असतो. इथे रेषाच रंगीत, मधला कागद जवळजवळ कोरा. कान पोटाला टेकतो तिथे तर एकच रेषा निळी निघून तपकिरी होत जाते, कारण बोळे फिरताना शाया एकमेकींत मिसळल्या. केसाएवढ्या शेकडो रेषांत असं कुंचल्याने कोण करत बसेल?

एकाच कलशाच्या दोन प्रतींचे रंग वेगळे असतात, हाही पुरावा म्हणून पुढे केला जातो. पण प्रत्येक प्रतीसाठी पत्र्यात शाई नव्याने भरावी लागे. रंग वेगळे येणारच.

त्या काळी हाताने रंगवलेली मुद्राचित्रं कितीतरी जास्त होती, हे खरं. छापील रंगांच्या प्रतींवरही कधी कधी जलरंगाचा हात फिरलेला आढळतो. त्यामुळे प्रत्येक प्रत वेगळी तपासावी लागते. रेषेचा रंग न पाहताच 'हाताने रंगवलेलं' असं लिहून टाकणं म्हणजे बोळे फिरवणाऱ्या छापकाचं कामच पुसणं आहे, आणि ते मला अजिबात मान्य नाही.