खुलासा : ‘आधी एफआयआर, मगच संरक्षण’ हे खरं नाही

‘एफआयआर नसेल तर कोर्ट संरक्षण देत नाही, आणि घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर सुनेला राहता येत नाही’ असा कौटुंबिक हिंसाचाराबद्दलचा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात कलम 12 चा अर्ज थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो; त्याला एफआयआर लागत नाही. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी घटना अहवाल (छळाची लेखी नोंद) भरून देतात, तेही विनाशुल्क. बाई माहेरी आली असेल तर तिथल्याच कोर्टात अर्ज चालतो. पहिली तारीख साधारण 3 दिवसांत अपेक्षित असते. प्रत्यक्षात उशीर होतो, म्हणून कलम 23 खाली अंतरिम (निकालापर्यंतच्या तात्पुरत्या) आदेशाची मागणी शपथपत्रासह त्याच वेळी करावी. नेमकं हेच बऱ्याचदा राहून जातं.

घराबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सतीशचंद्र आहुजा प्रकरणात स्पष्ट केलंय : एकत्र नांदलेलं घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी सून राहण्याचा हक्क मागू शकते. मालकी मात्र मिळत नाही.

मदतीसाठी महिला हेल्पलाइन 181, जिवाला धोका असेल तर 112 वर फोन करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील महिलांना मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. तो वाचून एखादी बाई अर्जच करणार नाही. आधी पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.